वडिलांची निवड, वडिलांचा मान आणि पडलेल्या वडिलास उठविणे

शास्त्राभ्यास
वाचावयाचे भाग: १ तीमथ्य ३:१–१३ व ५:१७–२५, तीत १:५–९, २ तीमथ्य २:१–१८.

लहान मंडळीतील एखादा वडील प्रभूकडे गेला, अथवा म्हातारपणामुळे त्याने काम सोडले, म्हणजे त्याच्या जागी कोणास नेमावे हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न दिसावयास लहान, परंतु पुष्कळ मंडळ्यांची शांती ह्याच दगडाला ठेचाळली आहे. एक पक्ष म्हणतो, हा मान पहिल्यापासून अमक्या घराण्याकडे आहे. दुसरा म्हणतो, तमका शिकलेला आहे, त्याची शहरात ओळख आहे. तिसरा म्हणतो, उपासनामंदिराच्या छपराला ज्याने पैसे दिले त्यासच पुढे बसवावे. अशा रीतीने भाऊबंदकी घरातून निघून मंदिरात शिरते. मग काही कुटुंबे उपासनेस येईनाशी होतात, प्रभुभोजनाच्या दिवशी बाकडी रिकामी राहतात, आणि शेजारचे गावकरी आपसात म्हणतात, ‘ह्यांचा देव नवा, पण भांडण जुनेच.’

हे दुखणे आजचे नव्हे. प्रेषितांच्या हयातीत व त्यांच्यामागून लागलीच आलेल्या पिढीत ते मंडळ्यांस जडले होते, आणि त्यावर त्या वेळच्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यांनी पत्रे लिहिली. त्यांपैकी तीन ठिकाणच्या पत्रांचा आपण ह्या धड्यात अभ्यास करू. पहिली, तीमथ्य व तीत ह्यांस पाठविलेली पत्रे. ती वडील कसा निवडावा हे शिकवितात. दुसरे, रोम येथील मंडळीने करिंथ येथील मंडळीस लिहिलेले पत्र. ते निर्दोष वडिलाचा मान कसा राखावा हे सांगते. तिसरे, स्मुर्णा येथील पोलिकार्पाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र. ते वडील पापात पडला तर काय करावे हे दाखविते. ह्यांतील पहिली पत्रे पवित्र शास्त्र आहेत. मागील दोन शास्त्रात नाहीत. जुन्या व अनुभवी भक्ताचा सल्ला जसा आदराने ऐकावा व शास्त्राच्या तराजूत तोलावा, तशी ती वाचावी.

१. तीमथ्य व तीत ह्यांचे काम

तीमथ्यास इफिसात ठेवण्याचा हेतू पत्राच्या आरंभीच सांगितला आहे (१ तीम. १:३). तेथे काही लोक निराळेच शिक्षण देऊ लागले होते, व त्यांस आवरावयाचे होते. ह्यात नवल नाही. प्रे. कृ. २० वा अध्याय उघडून पाहा. पौलाने इफिसच्या वडिलांस मिलेत येथे बोलावून आधीच इशारा दिला होता की, बाहेरून लांडगे येतील इतकेच नव्हे, तर तुमच्या स्वतःतूनच शिष्यांस ओढून नेणारी माणसे उठतील. कळपाला धोका कुंपणाबाहेरून असतो तसा तो राखणाऱ्यांतूनही असतो, म्हणून राखणारा निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

तीतास क्रेत बेटावर ठेवले होते. तेथे मंडळ्या नव्या होत्या व गावोगाव वडील नेमावयाचे राहिले होते (तीत १:५). तीमथ्य जुन्या व गोंधळलेल्या मंडळीत होता, तीत नव्या व अव्यवस्थित मंडळ्यांत. असे असूनही दोघांस जवळजवळ एकच यादी दिली आहे. यावरून दिसते की, मंडळी जुनी असो वा नवी, मोठ्या नगरात असो वा खेड्यात, पुढाऱ्याचे माप एकच आहे.

येथे दोन गोष्टींचा खुलासा करणे बरे. पहिली, ‘वडील’ व ‘अध्यक्ष’ हे शब्द ह्या पत्रांत वेगवेगळ्या दर्जांचे म्हणून आलेले नाहीत. तीत १:५ मध्ये ज्यास वडील म्हटले त्यासच १:७ मध्ये अध्यक्ष म्हटले आहे, आणि इफिसच्या वडिलांसही प्रे. कृ. २०:२८ मध्ये हेच नाव दिले आहे. पुढील शतकात काही ठिकाणी अनेक वडिलांवर एक अध्यक्ष अशी पद्धत पडली. दुसरी, ह्या तीन पत्रांस मिळून ‘पाळकीय पत्रे’ म्हणतात. हे नाव अठराव्या शतकात, विशेषतः जर्मनीतील हाले येथील पौल अंतोन ह्या शिक्षकाच्या १७२६ सालच्या व्याख्यानांनंतर रूढ झाले. १८०७ साली श्लायरमाखर ह्या विद्वानाने पहिले तीमथ्य हे पौलाच्या हातचे आहे काय अशी शंका काढली, आणि तेव्हापासून तिन्ही पत्रांविषयी विद्वानांत वाद चालू आहे. कित्येक म्हणतात, पौलाच्या एखाद्या शिष्याने ती गुरूच्या नावे लिहिली. कित्येक परंपरेप्रमाणे ती पौलाचीच मानतात. वाचकांच्या कानी हा वाद कधी पडला तर त्यांनी घाबरू नये. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनियसाने ती पौलाची म्हणून आधारास घेतली आहेत, व मंडळीने ती शास्त्र म्हणून स्वीकारली आहेत. आम्हांपुढे प्रश्न आहे तो आज्ञा पाळण्याचा.

२. पंधरा गुणांची यादी

१ तीम. ३:२–७ ह्यांत अध्यक्षाविषयी पंधराएक गोष्टी सांगितल्या आहेत. वाचकांनी कागदावर त्या एकाखाली एक उतरून घ्याव्या, व प्रत्येकीपुढे विचारावे, ‘हा गुण कोठे दिसतो?’ असे केल्याने एक मोठा बोध होतो.

निर्दोषता, संयम, नेमस्तपणा व सभ्यता हे गुण रोजच्या वागणुकीत दिसतात. एका स्त्रीचा पती असणे, घर नीट चालविणे, मुले आज्ञेत ठेवणे हे घरात दिसते. अतिथीचे स्वागत दारात दिसते. मद्यापासून दूर असणे, मारहाण न करणे, सौम्य असणे, भांडखोर नसणे हे रस्त्यात, बाजारात व सणासुदीस दिसते. द्रव्यलोभ नसणे हे देण्याघेण्यात दिसते. नवशिका नसणे हे काळाने दिसते. बाहेरच्यांत चांगले नाव असणे हे अख्रिस्ती शेजाऱ्यांस विचारले म्हणजे कळते. आता उरला एकच गुण, शिकविण्याची हातोटी. तोच काय तो उपासनेच्या वेळी सर्वांसमोर दिसतो.

बंधुजनहो, आपली रीत याच्या नेमकी उलट नाही काय? चांगले बोलतो, गाणे चांगले म्हणतो, मोठी प्रार्थना करितो, हे पाहून आपण मनुष्य निवडतो. म्हणजे पंधरांपैकी एका गुणावर निकाल देतो व चौदांची चौकशीही करीत नाही. प्रेषिताने घराचा दाखला उगाच दिलेला नाही. ज्यास आपले घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळील, असे तो विचारतो (३:५). घर म्हणजे लहान मंडळी होय. बायको ज्याच्यापुढे भीतीने गप्प राहते, ज्याची मुले त्याच्या पावलांचा आवाज ऐकून लपतात, तो मंडळीच्या वादात सौम्य राहील अशी आशा कशी करावी?

अतिथिप्रीतीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्या काळी प्रवाशांच्या उतारशाळांचा लौकिक चांगला नव्हता. प्रेषित, उपदेशक व पत्रे पोहोचविणारे बंधू विश्वासणाऱ्यांच्या घरी उतरत, आणि मंडळीची उपासनाही घरांतच होत असे. म्हणून ज्याचे दार बंद त्याच्या हाती मंडळी देता येत नसे. आमच्या खेड्यांतही वडिलाच्या घरची भाकर व तांब्याभर पाणी हा मंडळीचा पहिला उपदेश असतो. परका मनुष्य प्रथम ते चाखतो व मग शुभवर्तमान ऐकतो.

बाहेरच्यांच्या साक्षीविषयीचा नियम (३:७) पुष्कळांस विचित्र वाटतो. ख्रिस्ताची मंडळी आपला वडील निवडताना अख्रिस्ती लोकांचे मत का घेते? कारण तेच त्यास सोमवार ते शनिवार पाहतात. त्याने मजुरी पुरी दिली की नाही, बांध सरकविला की नाही, उसने घेतलेले परत केले की नाही, हे त्यांस ठाऊक असते. जो मनुष्य रविवारी भक्त व बाजारच्या दिवशी ठक, त्याच्यामुळे ख्रिस्ताचे नाव खाली येते.

सेवकांविषयीही हेच आहे. त्यांची आधी परीक्षा व्हावी, मग त्यांनी सेवा करावी (३:१०). ही परीक्षा पुस्तकाची नव्हे. लहान काम द्यावे, वर्गणीचा हिशेब सोपवावा, आजाऱ्यांच्या घरी पाठवावे, आणि वर्ष दोन वर्षे पाहावे.

३. निरोगी शिक्षण म्हणजे काय

ह्या पत्रांत ‘सुशिक्षण’ हा शब्द वारंवार येतो (१ तीम. १:१०, २ तीम. ४:३, तीत १:९, २:१). मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘निरोगी’ असा आहे. शरीराच्या प्रकृतीविषयी वापरावयाचा हा शब्द शिक्षणाविषयी वापरला आहे. म्हणून शिक्षण खरे आहे की नाही हे पाहण्याची एक रीत अशी की, ते ज्यांनी घेतले त्यांची प्रकृती कशी झाली ते पाहावे.

तीत २:१ मध्ये सुशिक्षणास शोभेल ते बोल असे सांगून प्रेषित पुढे काय सांगतो? एखाद्यास वाटेल की आता तो गहन सिद्धांत मांडील. परंतु तो वृद्ध पुरुषांनी कसे असावे, वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांस काय शिकवावे, तरुणांनी मन कसे आवरावे, हे सांगतो. आणि मग अकराव्या वचनापासून चौदाव्यापर्यंत त्या वागणुकीचे मूळ दाखवितो, की देवाची कृपा प्रगट झाली व ख्रिस्ताने आपणांस स्वतःची प्रजा करण्यास स्वतःला दिले. मूळ कृपेत आणि फळ वागणुकीत, अशी ही वेल आहे. मूळ तोडून फळ मागणारा शिक्षक लोकांस नुसत्या नियमांनी दमवितो. फळ न मागता मुळाच्याच गोष्टी सांगणारा त्यांस आळशी करितो.

रोगट शिक्षणाची लक्षणेही दिली आहेत. इफिसात काही लोक लग्नास मनाई करीत व काही अन्ने वर्ज्य ठरवीत (१ तीम. ४:३). हुमनाय व फिलेत म्हणत की पुनरुत्थान होऊन गेले आहे, त्यांच्या बोलण्यास प्रेषिताने शरीर कुजवीत पसरणाऱ्या काळपुळीची उपमा दिली आहे (२ तीम. २:१७–१८). आणखी काहींस शब्दांवर वाद घालण्याचे वेड लागले होते, आणि भक्ती ही कमाईचे साधन आहे असे ते समजत (१ तीम. ६:४–५). ही तीन लक्षणे वाचकांनी ध्यानात धरावी. देवाने जे चांगले निर्माण केले त्यास अपवित्र म्हणणे, ख्रिस्ती आशेचा अर्थ बदलून टाकणे, आणि धर्माच्या नावे पैसा काढणे. गावात नवा उपदेशक आला, त्याच्या सभेस गर्दी झाली, तर त्याचा आवाज किती मोठा हे न पाहता ही तीन लक्षणे पाहावी.

पैशाच्या कसोटीविषयी ‘प्रेषितांची शिकवण’ ह्या फार जुन्या लहान पुस्तकाची साक्ष येथे देतो. ते पत्र नव्हे, मंडळीच्या रीतींचे पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १०५६ साली लिहिलेली असून ती फिलोथेओस ब्रायेन्नियोस ह्या ग्रीक धर्माधिकाऱ्यास १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे हल्लीचे इस्तंबूल, येथे सापडली, व हे पुस्तक त्याने १८८३ साली छापिले. त्यात फिरत्या उपदेशकाविषयी नियम आहे की, त्यास आदराने घरात घ्यावे. तो एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. किती साधी कसोटी! निरक्षर विधवेसही ती लावता येते.

४. घाई नको, पक्षपात नको

१ तीम. ५:१७–२५ हा भाग निवडीच्या वेळी मंडळीत मोठ्याने वाचावा असा आहे. त्यात चार नियम आहेत.

पहिला, जे वडील आपले काम चांगले करितात, विशेषतः वचन व शिक्षण ह्यांत श्रम करितात, त्यांस दुप्पट मान द्यावा. मान म्हणजे नुसता नमस्कार नव्हे, हे पुढील दाखल्यावरून दिसते. खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधण्यास मोशेच्या नियमशास्त्रात मनाई आहे. जो उपदेशक चार गावे पायी फिरतो त्याच्या घरी दाणे आहेत की नाहीत हे मंडळीने विचारावे, असा ह्याचा अर्थ.

दुसरा, वडिलावर आरोप आल्यास दोघातिघांच्या साक्षीवाचून तो घेऊ नये. पाणवठ्यावरची कुजबुज हा पुरावा नव्हे. जो वाद मिटवितो त्याच्यावर हरणारा पक्ष रागावतोच. म्हणून वडिलास ह्या नियमाचे संरक्षण दिले आहे.

तिसरा, परंतु जे पाप करीत राहतात त्यांस सर्वांदेखत दोष लावावा, आणि हे पक्षपाताने करू नये. वर सांगितलेले संरक्षण निरपराध्यासाठी आहे. अपराध झाकण्याचे ते पांघरूण नव्हे. आरोप श्रीमंतावर आला तर साक्षीदारांस गप्प बसविणे, व गरिबावर आला तर साक्षीदारांवाचून त्यास काढणे, हे दोन्ही देवासमोर सारखेच अन्यायाचे आहे.

चौथा नियम, कोणावर घाईने हात ठेवू नये. याचे कारण चोविसाव्या व पंचविसाव्या वचनांत आहे. कित्येकांची पापे उघड असतात, कित्येकांची मागाहून दिसतात, आणि चांगल्या कृत्यांचेही तसेच. शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. पेरणीनंतर थोड्याच दिवसांनी पीक कोणते व तण कोणते हे नवख्यास ओळखत नाही; दोन्ही हिरवीच असतात. अनुभवी मनुष्य थांबतो. जो घाईने हात ठेवितो तो दुसऱ्याच्या पापाचा वाटेकरी होतो, असेही प्रेषित म्हणतो. निवडणाऱ्यांनी हे विसरू नये. वडील बिघडला तर दोष त्याचा एकट्याचा नसतो. ज्यांनी डोळे झाकून हात वर केले त्यांचाही असतो.

५. करिंथचे भांडण व रोमचे पत्र

आता दुसरे पत्र. इ. स. ९६ च्या सुमारास करिंथच्या मंडळीत काही लोकांनी उठून आपल्या वडिलांस पदावरून काढिले. त्या वडिलांचा अपराध काय? पत्रावरून दिसते की, त्यांनी आपली सेवा नम्रपणे व निर्दोषपणे केली होती. उठाव करणारे थोडेच होते, परंतु सगळी मंडळी फाटली. हे वर्तमान रोमला कळले, आणि तेथील मंडळीने करिंथकरांस मोठे पत्र लिहिले. पत्रात लेखकाचे नाव नाही. मंडळी मंडळीशी बोलते. परंतु परंपरेने ते रोमच्या क्लेमेंताचे मानिले आहे. त्याचे पासष्ट अध्याय आहेत.

लेखक भांडणाचे मूळ शोधितो व ते मत्सरात आहे असे दाखवितो. काइनाने हाबेलास मारिले, योसेफाच्या भावांनी त्यास विकिले, शौलाने दाविदाचा पाठलाग केला. आणि आपल्याच काळात पेत्र व पौल ह्यांनीही मत्सरामुळे दुःख सोशिले. मग तो करिंथकरांस सांगतो की, पौलाचे पत्र हाती घ्या व वाचा. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पौलाने ह्याच मंडळीस पक्ष करू नका म्हणून लिहिले होते. तेव्हा पक्ष पौल, अपुल्लोस व केफा ह्यांच्या नावांचे होते. आता एकदोन माणसांसाठी सगळी मंडळी आपल्या वडिलांवर उठली. दुखणे जुनेच, परंतु ह्या वेळी ते अधिक लाजिरवाणे.

ह्या पत्रातील सर्वांत हृदयाला भिडणारा सल्ला चौपन्नाव्या अध्यायात आहे. तो उठाव करणाऱ्यांस उद्देशून आहे. तुमच्यात कोणी थोर मनाचा, दयाळू व प्रीतीने भरलेला आहे काय? असेल तर त्याने म्हणावे की, माझ्यामुळे भांडण होत असेल तर मी निघून जातो. मंडळी तेवढी वडिलांसह शांतीत राहो. खऱ्या पुढाऱ्याची ही ओळख होय. मंडळी फुटली तरी चालेल, पण माझे म्हणणे खरे ठरो, असे म्हणणाऱ्यास पुढारी म्हणता येत नाही. शलमोनापुढे आलेल्या दोन स्त्रियांची गोष्ट आठवा. मूल कापू नये म्हणून जी आपला हक्क सोडावयास तयार झाली, तीच त्याची आई ठरली.

रोमकरांनी हे पत्र क्लौद्य एफेबस, वलेरियस बिटो व फर्तूनात अशा तिघांच्या हाती पाठविले, आणि शांती झाल्याचे वर्तमान घेऊन त्यांस लवकर परत पाठवा अशी विनंती केली. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आमच्यात निर्दोष चाललेली माणसे पाठवीत आहो, असेही लिहिले. हे पाहा, भांडण मिटवावयास पाठविलेल्या माणसांतही तोच गुण पाहिला, जो तीमथ्यास पाहावयास सांगितला होता, म्हणजे अनेक वर्षांची पारखलेली वागणूक.

ह्या पत्राचा मान किती झाला? सुमारे इ. स. १७० मध्ये करिंथचा अध्यक्ष दियोनिसियस ह्याने लिहिले की, ते पत्र आमच्या मंडळीत प्रभूच्या दिवशी अजून वाचितात. ज्यांस टोचणी लागावी म्हणून ते लिहिले, त्यांच्याच नातवंडांनी ते जपून ठेविले व मोठ्याने वाचिले. पुढे ते ग्रीक शास्त्राच्या पाचव्या शतकातील एका हस्तलिखिताच्या शेवटी सापडले, व १६३३ साली छापिले गेले. त्यातील एक पान गहाळ होते. ते वर सांगितलेल्या १०५६ सालच्या प्रतीवरून १८७५ साली भरून निघाले.

६. वालेन्साचे पतन व पोलिकार्पाचे अश्रू

तिसरे पत्र लहान आहे. पोलिकार्प हा स्मुर्णाचा अध्यक्ष. ते नगर हल्ली तुर्कस्तानात इझमिर ह्या नावाने आहे. त्याने प्रेषितांपासून शिक्षण घेतले असे इरेनियस सांगतो, आणि इरेनियसाने लहानपणी त्यास पाहिले होते. पोलिकार्प म्हातारपणी, सुमारे इ. स. १५५ मध्ये, ख्रिस्ताच्या नावासाठी जाळला गेला. त्याच्या बऱ्याच आधी फिलिप्पैकरांनी त्याजकडे पत्र पाठवून उपदेश मागितला होता, त्याचे हे उत्तर.

सहाव्या अध्यायात तो वडिलांचे काम सांगतो. त्यांनी कनवाळू असावे, बहकलेल्यांस परत आणावे, आजाऱ्यांची भेट घ्यावी, विधवा, पोरकी मुले व गरीब ह्यांची हेळसांड करू नये, राग, तोंड पाहून न्याय करणे व द्रव्यलोभ ह्यांपासून दूर राहावे, आणि कोणाविरुद्ध काही ऐकले तर त्यावर लवकर विश्वास ठेवू नये. पाळकीय पत्रांचा प्रतिध्वनी येथे स्पष्ट ऐकू येतो.

अकराव्या अध्यायात वालेन्साची गोष्ट आहे. तो पूर्वी फिलिप्पै येथे वडील होता, परंतु द्रव्यलोभामुळे आपल्या पदास विसरला. नेमके काय केले ते पत्रात नाही, आणि ते बरेच आहे. कारण आपण अपराधाची चव घेत बसलो असतो. पोलिकार्प म्हणतो, मला त्याच्याविषयी व त्याच्या पत्नीविषयी फार दुःख होते. प्रभू त्यांस खरा पश्चात्ताप देवो. मग मंडळीस सांगतो की, तुम्हीही ह्या बाबतीत संयम ठेवा. त्यांस शत्रू समजू नका, तर दुखावलेले व भटकलेले अवयव समजून परत बोलवा, म्हणजे तुमचे सगळे शरीर वाचेल.

येथे तीन गोष्टी पाहाव्या. पोलिकार्प पापास पाप म्हणतो. ‘मोठा मनुष्य आहे, झाकून टाका’ असे म्हणत नाही. तो वालेन्सास पुन्हा वडील करा असेही म्हणत नाही. पद परत देणे व मनुष्य परत आणणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि तो त्याच्या पत्नीचे नाव दुःखात घेतो. वडील पडला म्हणजे त्याचे घरही पडते. त्याच्या बायकोस पाणवठ्यावर कोणी बोलत नाही, त्याच्या मुलांस शाळेत हिणवितात. अशा वेळी त्या दारी जो प्रथम जातो, तोच पोलिकार्पाचा खरा शिष्य होय.

७. उपदेशकांस सूचना

हा धडा शिकविताना निवडणूक चालू असल्यास कोणाचे नाव घेऊ नये. नाहीतर शास्त्र बाजूला पडेल व वाद पुढे येईल. निवडणुकीआधी तीन महिने हे भाग वाचावयास घ्यावे, म्हणजे माप आधी ठरेल व माणसे मागून मोजली जातील. आधी माणूस ठरवून मग त्याच्या अंगचे माप बनविणे, हा आमचा नेहमीचा दोष आहे.

तसेच २ तीम. २:२ मधील साखळी ध्यानात घ्यावी. पौलापासून तीमथ्याने ऐकिले, तीमथ्याने विश्वासू माणसांस सोपविले, त्यांनी आणखी इतरांस शिकवावयाचे होते. चार पिढ्या एका वचनात आहेत. खुद्द तीमथ्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके ह्यांच्यापासून आला होता (२ तीम. १:५). आज ज्या मुलास तुम्ही वचन पाठ करावयास शिकविता, त्याच्या हाती पंचवीस वर्षांनी मंडळीच्या पेटीची किल्ली असेल. वडिलांची निवड त्या दिवसापासून सुरू होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. १ तीम. ३:२–७ मधील कोणते गुण उपासनेत दिसतात व कोणते घरी, बाजारात व शेतात दिसतात?
२. आपल्या मंडळीत मागील निवडणुकीच्या वेळी आपण कोणते माप वापरिले?
३. वडिलावर आरोप आल्यास १ तीम. ५:१९–२१ प्रमाणे आपण काय करावे? दोन्ही बाजूंचा विचार करा.
४. करिंथच्या भांडणात रोमकरांनी उठाव करणाऱ्यास दिलेला सल्ला आपणांस मानवेल काय? न मानवल्यास का?
५. आपल्या गावात वालेन्सासारखा कोणी एकटा पडला आहे काय? त्याच्या घरी ह्या आठवड्यात कोण जाईल?

प्रार्थनेचे विषय: जे वडील गाजावाजा न करिता श्रम करीत आहेत त्यांच्यासाठी उपकारस्तुती, ज्या मंडळ्यांत पक्ष पडले आहेत त्यांत समेट, तरुण उपदेशकांस धीर व सौम्यता, पडलेल्यांस पश्चात्ताप व आपणांस त्यांच्याकडे जाण्याचे धैर्य.